इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील मिश्रणसुलभ रचना : स्वरूप आणि मीमांसा

सारांश :

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील ट्रॅक हा सुटा ऐकण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या ट्रॅकला जोडला जाण्यासाठी रचलेला असतो. त्याचा आरंभ, विस्तार आणि शेवट या तिन्ही गोष्टी डीजेच्या कार्यपद्धतीने निश्चित झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या रचनेचा ऐतिहासिक उगम, तिच्यामागील कालगणित, तिचे प्रत्यक्ष स्वरूप, गोव्यात निर्माण झालेला तिचा वेगळा प्रकार आणि अलीकडच्या काळात तिच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : नृत्यसंगीत, डीजे, मिश्रण, लय, आवर्तन, इंट्रो, आउट्रो, गोवा ट्रान्स.

१. प्रस्तावना

संगीताच्या अभ्यासात रचना ही सामान्यतः स्वयंपूर्ण वस्तू मानली जाते. तिला आरंभ असतो, विकास असतो आणि समाप्ती असते. ऐकणाऱ्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, अशी रचनाकाराची अपेक्षा असते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत या अपेक्षेला अपवाद ठरते. या प्रकारातील एखादा ट्रॅक घरी बसून ऐकला, तर पहिले मिनिटभर केवळ ढोलाचे ठोके ऐकू येतात आणि शेवटचे मिनिटही तसेच कोरडे जाते. संगीताची आवड असलेल्या परंतु या प्रकाराशी परिचय नसलेल्या श्रोत्याला ही रचनाकाराची उणीव वाटते. वस्तुतः ती उणीव नसून योजना असते. ते कोरडे मिनिट श्रोत्यासाठी नसते. ते डीजेसाठी राखून ठेवलेले असते.

येथे ‘मिश्रण’ ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ध्वनिमुद्रणगृहात निरनिराळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसविण्यालाही मिश्रण म्हणतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. नृत्यगृहात एक ट्रॅक संपत असताना दुसरा ट्रॅक त्याच लयीत त्याच्याखाली सुरू करणे, काही काळ दोन्ही एकत्र चालविणे आणि पहिला हळूहळू काढून घेणे, या क्रियेला येथे मिश्रण म्हटले आहे. नाचणाऱ्यांचे पाऊल थांबू नये, हा तिचा मूळ हेतू होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

ही क्रिया आधी आली आणि तिला सोयीची रचना नंतर आली, ही बाब महत्त्वाची आहे. न्यूयॉर्क शहरातील सँक्च्युअरी या नृत्यगृहात १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा डीजे दोन तबकड्यांची लय जुळवून एकीतून दुसरीत जाण्याचे तंत्र वापरीत असे. त्या वेळी उपलब्ध असलेल्या तबकड्या मात्र या कामासाठी बनलेल्या नव्हत्या. सात इंची तबकडीवरील गाणे साधारण तीन मिनिटांचे असे. ते रेडिओसाठी बेतलेले असल्याने गायन लवकर सुरू होई आणि शेवटी आवाज मंदावत जाई. शिवाय वादक माणसे असल्याने लय किंचित पुढे-मागे होत असे. दोन गाणी जुळवावयास डीजेला काही सेकंदांचाच अवधी मिळे.

ही अडचण ओळखून टॉम मोल्टन आणि वॉल्टर गिबन्स यांनी गाण्यांची पुनर्रचना करण्यास सुरुवात केली. ग्लोरिया गेनर यांच्या १९७५ मधील ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवरील तीन गाणी मोल्टन यांनी मध्ये खंड न पडू देता एकमेकांत गुंफली. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्सपोझर या गायकसमूहाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची तबकडीवर विक्रीस आणले. गिबन्स यांनी मूळ गाणे नऊ मिनिटांहून अधिक लांबविले होते. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आलेली ही पहिली बारा इंची एकल तबकडी मानली जाते. बारा इंची तबकडीत चऱ्या रुंद ठेवता येत असल्याने खर्जाचे आवाज अधिक जोरकस उमटत आणि वेळही भरपूर मिळे. गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतील असे दीर्घ भाग गाण्यात घालणे त्यामुळे शक्य झाले. मिश्रणाच्या जागा अशा रीतीने रचनेतच निर्माण होऊ लागल्या.

पुढील बदल यंत्रांनी घडविला. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ मध्ये आला. त्याच्या १९७९ मधील दुसऱ्या आवृत्तीत फिरण्याचा वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करणारी सरकपट्टी होती. रोलँड कंपनीची टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही तालयंत्रे अनुक्रमे १९८० आणि १९८३ मध्ये आली. यंत्राची लय ढळत नसल्याने दोन ट्रॅक एकदा जुळले, की दीर्घकाळ जुळलेले राहू शकत. शिकागो येथे वेअरहाऊस या नृत्यगृहाच्या नावावरून ओळखले जाणारे हाऊस संगीत याच यंत्रांवर वाढले. जेसी साँडर्स यांचा १९८४ मधील ‘ऑन अँड ऑन’ हा ट्रॅक पहिल्या हाऊस ध्वनिमुद्रिकांपैकी एक मानला जातो. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित डिस्को ध्वनिमुद्रिका रोलँडच्याच यंत्रांवर केली, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे. डीजेच स्वतः रचनाकार झाले, हा शिकागोतील बदलाचा खरा अर्थ होय. मिश्रण करताना ज्यांना अडचणी येत, तेच आता ट्रॅक बनवू लागले.

३. मिश्रणामागील कालगणित

या संगीताचा ताल बहुधा चार मात्रांचा असतो आणि प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका पडतो. चार मात्रांचा एक बार होतो. चार बार म्हणजे सोळा मात्रा. तीनतालाचे एक आवर्तनही चार-चार मात्रांच्या चार विभागांचे असते. साम्य एवढ्यापुरतेच घ्यावयाचे. तीनतालात खाली-भरीचा भेद आहे. येथे सर्व ठोके सारखेच भरीव असतात. परंतु समेची कल्पना मात्र येथेही लागू पडते. आठ, सोळा किंवा बत्तीस बारांचा एक गट होतो आणि नवे वाद्य, नवी धून किंवा नवा प्रसंग गटाच्या पहिल्या मात्रेवरच येतो. नाचणारा हे मोजत नाही, पण त्याच्या शरीराला त्या समेची अपेक्षा असते.

लय ही एका मिनिटातील मात्रांच्या संख्येने सांगतात. हाऊस संगीताची लय साधारण १२० ते १३० च्या दरम्यान असते. १२८ ही लय घेतली, तर एक मात्रा सुमारे ०.४७ सेकंदाची, एक बार १.८७५ सेकंदांचा, सोळा बार ३० सेकंदांचे आणि बत्तीस बार बरोबर एका मिनिटाचे होतात.

आता दोन ट्रॅकच्या लयीत अल्पसा फरक राहिला तर काय होते ते पाहू. एकाची लय १२८ आणि दुसऱ्याची १२८.५ असेल, तर एका मिनिटात दुसरा ट्रॅक अर्धी मात्रा पुढे जातो. म्हणजे त्याचे ठोके पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडू लागतात. फरक ०.१ इतकाच असला, तरी मिनिटाअखेर ठोके सुमारे ४७ मिलिसेकंदांनी फाकतात आणि एका ठोक्याऐवजी दोन ठोके ऐकू येतात. ट्रॅकची लय स्थिर असणे आणि त्याचा ठोका स्पष्ट असणे, या मिश्रणसुलभतेच्या पहिल्या दोन अटी का ठरतात, हे यावरून ध्यानात येईल.

मात्रा जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. मात्रा तंतोतंत जुळूनही समा जुळल्या नाहीत, तर एका ट्रॅकचा कळस दुसऱ्याच्या वाक्याच्या मध्येच येतो. तबलावादक लयीत आहे पण समेवर येत नाही, अशा वेळी मैफलीत जी अस्वस्थता निर्माण होते तिच्याशी हे सदृश आहे.

४. मिश्रणसुलभ ट्रॅकचे स्वरूप

वरील तत्त्वांवर आधारलेल्या ट्रॅकचा एक आदर्श आराखडा पुढे दिला आहे. लय १२८ धरली आहे.

(अ) इंट्रो : बार १ ते ३२, पहिले मिनिट. किक, टाळी आणि हाय-हॅट म्हणजे झांजांची जोडी.
(आ) पहिला मुख्य भाग : बार ३३ ते ६४, दुसरे मिनिट. खर्जाची ओळ आणि धून.
(इ) ब्रेकडाउन : बार ६५ ते ९६, तिसरे मिनिट. किक थांबते, स्वर आणि गायन पुढे येते, शेवटच्या आठ बारांत उत्कंठा वाढविली जाते.
(ई) दुसरा मुख्य भाग : बार ९७ ते १६०, चौथे व पाचवे मिनिट. सर्व वाद्यांसह पूर्ण जोर.
(उ) आउट्रो : बार १६१ ते १९२, सहावे मिनिट. धून आणि खर्ज काढून घेतला जातो. शेवटी केवळ तालवाद्ये उरतात.

असा १९२ बारांचा ट्रॅक सहा मिनिटांत पूर्ण होतो. प्रत्यक्षातील ट्रॅक या आराखड्यापासून थोडेफार वेगळे असतात. परंतु विभागांची लांबी आठच्या पटीत ठेवण्याचा संकेत बहुतांशी पाळला जातो.

या आराखड्याचा उपयोग डीजे पुढीलप्रमाणे करतो. चालू ट्रॅकचा आउट्रो ज्या समेवर सुरू होतो, त्याच समेवर तो नव्या ट्रॅकची पहिली मात्रा सोडतो. पुढील बत्तीस बार दोन्ही ट्रॅक एकत्र चालतात. एकाजवळ केवळ ताल आहे आणि दुसऱ्याजवळही केवळ ताल आहे. म्हणून त्यांत संघर्ष होत नाही. बत्तीस बार संपताच जुना ट्रॅक संपतो आणि नेमक्या त्याच क्षणी नव्याची धून सुरू होते. इंट्रो बत्तीसऐवजी तीस बारांचा असता, तर ती धून पावणेचार सेकंद आधी, जुना ट्रॅक अद्याप चालू असतानाच आली असती. अनुभवी डीजे हे आधी ऐकून सांभाळून घेतो. परंतु एका रात्रीत अनेक ट्रॅक वाजविणारा डीजे असे सांभाळून घ्यावे लागणारे ट्रॅक शक्यतो पेटीतच ठेवतो. रचनाकाराच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, कारण या क्षेत्रात न वाजलेला ट्रॅक म्हणजे न पोहोचलेला ट्रॅक होय.

इंट्रोविषयी आणखी दोन बाबी नोंदविल्या पाहिजेत. पहिली मात्रा स्वच्छ आणि ठाशीव किकने सुरू व्हावी; हळूहळू उगवणारा आवाज ऐकावयास सुंदर असला, तरी तबकडी नेमकी कोठून सोडावी हे त्यातून कळत नाही. दुसरी बाब अशी, की इंट्रो कोरा असला तरी निर्जीव असू नये. दर आठ बारांनी एखादे लहान तालवाद्य वाढविणे, समेच्या आधी एक ठोका गाळणे, अशा खुणांमुळे कानांना फोन लावून ऐकणाऱ्या डीजेला आपण आवर्तनात कोठे आहोत हे न मोजता समजते.

५. खर्ज आणि स्वर

दोन ट्रॅक एकत्र चालताना सर्वांत मोठी अडचण खर्जात निर्माण होते. ५० हर्ट्झ आणि ५३ हर्ट्झ या दोन कंपनसंख्यांचे स्वर एकाच वेळी वाजले, तर त्यांच्या एकत्र आवाजात सेकंदाला तीन वेळा चढउतार होतो. या दोन स्वरांत जवळजवळ अर्ध्या स्वराचेच अंतर आहे. नृत्यगृहातील प्रचंड ध्वनिक्षेपकांवर हा चढउतार तालालाच झाकोळून टाकतो. म्हणून मिक्सरवरील नियंत्रक फिरवून एका ट्रॅकचा खर्ज काढणे आणि त्याच समेवर दुसऱ्याचा आणणे, अशी अदलाबदल डीजे करतो. आउट्रोमध्ये खर्जाची ओळ आधीच काढून घेतलेली असेल, तर हे काम रचनाकारानेच अर्धे केलेले असते.

स्वरपट्टीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. टर्नटेबलचा वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढविला, तर सर्व स्वर अर्ध्या स्वराने चढतात. लय जुळविताना पट्टी बिघडते, ही तबकडीच्या काळातील अपरिहार्यता होती. संगणकीय यंत्रांत लय आणि पट्टी स्वतंत्रपणे बदलता येऊ लागल्यानंतर पट्टी जुळवून मिश्रण करण्याची प्रथा रूढ झाली. पाश्चात्त्य पद्धतीत एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असलेल्या दोन पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर समान असतात. म्हणून त्या एकत्र वाजल्या तरी खटकत नाहीत. आपल्याकडील षड्ज-पंचम भावाची संकल्पना जाणणाऱ्यास हे सहज पटेल. इंट्रो आणि आउट्रो केवळ तालवाद्यांचे असण्याचा एक लाभ असा, की तेथे पट्टीचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

६. गोव्याचे उदाहरण : तालावाचून मिश्रण

साधन बदलले की रचना बदलते, या विधानाचा उत्तम पुरावा गोव्यात मिळतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या दशकात हणजूण आणि त्याच्या परिसरातील समुद्रकिनाऱ्यांवर रात्रभर चालणाऱ्या नृत्यसमारंभांतून गोवा ट्रान्स हा प्रकार आकारास आला. किनाऱ्यावरील उष्णता आणि धूळ यांमुळे तबकड्या सांभाळणे अवघड होते आणि त्यांचे ओझेही फार. त्यामुळे गोवा गिल यांच्यासारखे डीजे कॅसेट आणि पुढे डॅट या डिजिटल फितीचा उपयोग करीत. डॅट १९८७ मध्ये बाजारात आली. ती लहान, हलकी आणि आवाजाच्या दृष्टीने उत्तम होती. परंतु सोबत नेण्याजोग्या डॅट यंत्रांवर वेग कमी-अधिक करण्याची सोय सहसा नसे. अर्थात दोन ट्रॅकची लय जुळविणे जवळजवळ अशक्य होते.

यावर निघालेला तोडगा शिकागोच्या नेमका उलट होता. गोवा ट्रान्समधील अनेक ट्रॅक किकने सुरू न होता तालरहित, तरंगत्या स्वरांनी सुरू होतात आणि तशाच स्वरांत विरून जातात. एकाचे विरणे आणि दुसऱ्याचे उगवणे एकमेकांवर आले, तरी जुळविण्यासाठी तालच नसल्यामुळे विसंवाद होत नाही. एका ठिकाणी जोडणीची जागा म्हणजे केवळ ताल. दुसऱ्या ठिकाणी जोडणीची जागा म्हणजे तालाचा अभाव. दोन्हीमागील तत्त्व मात्र एकच आहे : दुसऱ्याशी भिडणारे असे काहीही टोकांवर ठेवावयाचे नाही.

७. बदललेली परिस्थिती

संगणकाच्या प्रसारानंतर मिश्रणाचे बरेचसे श्रम यंत्राकडे गेले. सिंक ही सोय दोन ट्रॅकची लय आपोआप जुळवते. ट्रॅकचा कोणताही तुकडा हवा तितका वेळ फिरवत ठेवता येतो. २०२० नंतर तर डीजेंच्या संगणकप्रणालींमध्ये गायन, ताल आणि खर्ज तत्क्षणी वेगळे करण्याची सोयही आली. मग मिश्रणसुलभ रचनेची गरज संपली काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. यंत्र मात्रा जुळवते. परंतु कोणत्या समेवर काय यावे हा निर्णय रचनेतूनच सुचतो. फिरवत ठेवलेला तुकडा वेळ वाढवितो, तो प्रवाह निर्माण करीत नाही.

खरे आव्हान दुसऱ्या बाजूने आले आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर ट्रॅक किमान ३० सेकंद ऐकला गेला, तरच तो ऐकला असे मोजले जाते. वर पाहिल्याप्रमाणे १२८ लयीचे सोळा बार म्हणजे नेमके ३० सेकंद. म्हणजे बत्तीस बारांच्या इंट्रोत श्रोत्याच्या निर्णयाची घटका धून सुरू होण्याच्या कितीतरी आधी येऊन जाते. डीजेला जे मिनिट अत्यावश्यक, तेच घरच्या श्रोत्याला अनावश्यक. या पेचातून मार्ग म्हणून एकाच ट्रॅकची दोन रूपे प्रसिद्ध करण्याची पद्धत टिकून आहे : डीजेसाठी विस्तारित रूप आणि श्रोत्यांसाठी संक्षिप्त रूप. सात इंची आणि बारा इंची तबकडीतील जुना भेदच नव्या वेषात येथे पुन्हा प्रकटला आहे.

८. एक आक्षेप आणि त्याचा विचार

या रचनापद्धतीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप साचेबंदपणाचा आहे. सर्व ट्रॅक आठच्या पटीत चालू लागले, तर पुढे काय येणार हे श्रोत्याला आधीच कळते आणि संगीत कारखान्यातील मालासारखे होते, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. आराखडा समोर ठेवून केवळ रकाने भरलेले ट्रॅक पुष्कळ आढळतात.

तथापि साचा आणि चौकट यांत भेद केला पाहिजे. तालाचे आवर्तन ठरलेले असते म्हणून गायकाचे स्वातंत्र्य संपत नाही. उलट समेची खात्री असल्यामुळेच तो तिच्यापासून दूर जाऊ शकतो. आठ बारांचा संकेतही अशाच प्रकारचा आहे. त्याहून मूलभूत प्रश्न कर्तृत्वाचा आहे. मिश्रणसुलभ ट्रॅकचा रचनाकार आपल्या कृतीची दोन्ही टोके दुसऱ्याच्या हाती सोपवितो. त्याचा ट्रॅक कशानंतर येईल, कशाखाली मिसळेल, किती वाजेल, यांपैकी काहीही त्याच्या हाती नसते. रात्रभराच्या सलग संगीताचा कर्ता कोण, ट्रॅक रचणारा की ते जोडणारा, याचे सरळ उत्तर देता येत नाही. कर्तृत्वाचा असा वाटा देण्यास तयार असणे हे कमीपणाचे लक्षण मानावे, की सहकार्याची एक प्रगल्भ रीत मानावी, हा सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, मिश्रणसुलभ रचना ही कोणा एकाची सैद्धान्तिक कल्पना नसून नृत्यगृहातील व्यावहारिक अडचणींतून टप्प्याटप्प्याने घडलेली पद्धती आहे. दुसरा, स्थिर लय, स्पष्ट पहिली मात्रा, आठच्या पटीतील विभाग, कोरी टोके आणि खर्जाचा संयम हे तिचे प्रमुख घटक होत. तिसरा, तबकडी, डॅट, संगणक आणि स्ट्रीमिंग या प्रत्येक साधनाने रचनेवर आपला ठसा उमटविला आहे. त्यामुळे संगीताचा इतिहास लिहिताना साधनांचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. चौथा, या संगीताचे मूल्यमापन सुट्या ट्रॅकवरून करणे अन्यायाचे ठरेल. कमानीतील एकच दगड उचलून तो तिरका का घडविला आहे असे विचारण्यासारखे ते आहे. तो दगड शेजारच्या दगडाला टेकला, म्हणजे त्याच्या तिरकेपणाचे प्रयोजन समजते.